बॅक्टेरिओफाजचा शोधक फेलिक्स देरेल

पाश्चर, कॉख, लिस्टर ही नावे आमच्या विद्यार्थ्यांस क्रमिक पुस्तकांतून ठाऊक असतात. ज्यांचे चरित्र आज आम्ही सांगण्याचे योजिले आहे, त्या फेलिक्स देरेल यांचे नाव त्या मानाने आपल्याकडे कमी ऐकू येते. तथापि रोगजंतूंसही रोग होतो हे ज्यांनी जगास पटवून दिले, पटकीच्या साथीत पंजाबातील विहिरींत ज्यांचे औषध ओतले गेले, ज्यांच्या शोधाचा आधार घेऊन एक गाजलेली कादंबरी लिहिली गेली, आणि ज्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतक लोटल्यावर समुद्रातील आजारी पोवळ्यांवरही त्यांचाच उपाय योजून पाहण्यात आला, अशा पुरुषाचे चरित्र विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी जाणून घेण्याजोगे आहे. त्यात अनुकरण करावे असे पुष्कळ आहे. सावध व्हावे असेही काही आहे. आम्ही दोन्ही सांगणार आहोत, कारण केवळ गुणांची यादी देणारे चरित्र वाचकास शहाणे करीत नाही.

देरेल यांचा जन्म २५ एप्रिल १८७३ रोजी झाला. कोठे झाला, ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र दीर्घ काळ चुकीचे दिले जात होते. कॅनडातील माँट्रिऑल हे आपले जन्मस्थान असे ते स्वतः सांगत, आणि चरित्रकारही तसेच छापीत आले. पुढे जुनी दप्तरे तपासली असता असे आढळून आले की, ते पॅरिस शहरी जन्मले आणि त्यांचे मूळ आडनाव एरेन्स असे होते. देरेल हे नाव त्यांनी मागाहून धारण केले. कोणत्याही विद्यापीठाची वैद्यकाची अथवा शास्त्राची पदवी त्यांनी परीक्षा देऊन मिळविली नव्हती. जे काही ते शिकले, ते पुस्तके वाचून आणि हाताने प्रयोग करून शिकले. पदव्यांच्या दुनियेत पदवीवाचून वावरणाऱ्या माणसास आपल्या पूर्वायुष्यावर थोडा मुलामा द्यावासा वाटला असेल. त्याचे कारण समजू शकते. परंतु असत्य हे असत्यच, आणि ते त्यांच्या पश्चात का होईना, उघडकीस आले.

तरुणपणी त्यांस प्रवासाचे विलक्षण वेड होते. युरोपातील देश त्यांनी सायकलवरून पाहिले आणि पुढे दक्षिण अमेरिकाही गाठली. तुर्कस्थानात त्यांची मारी केअर ह्या तरुणीशी गाठ पडली व तिच्याशी त्यांचा विवाह झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे कुटुंब कॅनडात येऊन राहिले. तेथे त्यांनी घरातच लहानशी प्रयोगशाळा थाटली आणि पुस्तके उघडून सूक्ष्मजंतुशास्त्राचा अभ्यास आरंभिला. मेपल वृक्षाच्या गोड रसापासून मद्य कसे करावे, हा त्यांचा पहिला शास्त्रीय उद्योग होय. भावासह त्यांनी चॉकोलेटच्या कारखान्यात पैसा घातला, परंतु कारखाना बुडाला. तिशीच्या उंबरठ्यावर पदरी बायकामुले, हाती पदवी नाही आणि गाठी पैसा नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

अशा वेळी १९०१ साली मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशाच्या राजधानीतील इस्पितळात त्यांस सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञाची जागा मिळाली. तेथून काही वर्षांनी ते मेक्सिकोत गेले. दोराकरिता वापरल्या जाणाऱ्या घायपाताच्या जातीच्या वनस्पतीचा चोथा आंबवून त्यापासून मद्यार्क काढण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली होती. ह्याच सुमारास, म्हणजे १९१० च्या आगेमागे, युकातान प्रांतात टोळधाड आली. टोळ मरून पडत आहेत असे पाहून देरेल यांनी मेलेले किडे तपासले आणि त्यांस हगवणीने मारणारा एक जंतू वेगळा काढला. ह्या जंतूचा फवारा मारून टोळधाड आवरता येईल, ह्या विचाराने त्यांनी पुढे अर्जेंटिना व ट्युनिशिया येथे प्रयोग केले. पुढे त्यांनी लिहून ठेवले आहे की, ह्या जंतूंची पैदास बशीत करीत असता तिच्यात अधूनमधून लहान, वाटोळे, स्वच्छ ठिपके पडलेले त्यांस दिसत. त्या ठिपक्यांवर जंतू वाढलेले नसत. इतरांनी असा डाग लागलेली बशी टाकून दिली असती. देरेल यांनी ती गोष्ट मनात ठेवली.

१९११ साली ते पॅरिस येथील पाश्चर संस्थेत आले. प्रारंभी तेथे त्यांस वेतनही नव्हते. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि ते लशी तयार करण्याच्या कामी गुंतले. १९१५ च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळच्या मेझों-लाफित येथे तळ ठोकलेल्या फ्रेंच घोडेस्वारांत रक्ताच्या हगवणीची साथ पसरली. तिचा तपास देरेल यांच्याकडे आला. त्यांनी रुग्णांचा मळ घेऊन तो पातळ केला, आणि जंतूही ज्यातून पार जाऊ शकत नाहीत अशा चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळून घेतला. त्या गाळलेल्या पाण्यात एकही जंतू उरलेला नव्हता. हे पाणी त्यांनी हगवणीच्या जंतूंनी गढूळ झालेल्या रश्शात घातले.

एका रुग्णाच्या बाबतीत हा प्रयोग त्यांनी रोज केला. सुरुवातीचे दिवस रस्सा गढूळ तो गढूळच राहिला. मग एके दिवशी नळीतील रस्सा पाण्यासारखा निवळ झालेला दिसला. त्यातील असंख्य जंतू जणू विरघळून गेले होते. आणि त्याच वेळी तो रुग्णही बरा होऊ लागला होता. त्या निवळ रश्शाचा एक थेंब दुसऱ्या गढूळ नळीत घालावा, तीही निवळावी. तिच्यातला थेंब तिसरीत घालावा, तीही निवळावी. असे कितीही वेळा केले तरी जोर कमी होईना. साधे विष असते तर एवढे पातळ केल्यावर त्याचा प्रभाव नाहीसा झाला असता. ज्या अर्थी प्रभाव वाढतच जातो, त्या अर्थी हा पदार्थ आपली संख्या वाढविणारा, म्हणजे सजीवासारखा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बशीतील प्रत्येक स्वच्छ ठिपका म्हणजे एका कणाने व त्याच्या वंशजांनी केलेला जंतूंचा फडशा, असे त्यांनी मांडले आणि ठिपके मोजून ह्या अदृश्य कणांची गणती करण्याची रीत घालून दिली. ती रीत आजही प्रयोगशाळांत चालू आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांचे हे टिपण पॅरिसच्या शास्त्र अकादमीत सादर झाले. ह्या कणांस त्यांनी बॅक्टेरिओफाज, म्हणजे जंतुभक्षक, असे नाव दिले. आम्ही येथे संक्षेपाने फाज म्हणू.

फाज म्हणजे काय हे आज स्पष्ट झाले आहे. तो जंतूंस ग्रासणारा विषाणू होय. त्याचे स्वतःचे पोट नाही की श्वास नाही. पुष्कळ फाजांस एक डोके व एक शेपूट असते. जंतूच्या अंगावरील ठराविक जागी तो चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो, आणि मग जंतूची सारी यंत्रणा फाजच तयार करू लागते. काही जातींत अर्ध्या तासाच्या आत शंभरावर नवे फाज तयार होऊन जंतू फुटतो. प्रत्येक फाजाचे भक्ष्य ठरलेले असते. पटकीच्या जंतूचा फाज हगवणीच्या जंतूस सहसा स्पर्श करीत नाही, आणि मनुष्याच्या पेशींवर तर त्याची मात्रा चालतच नाही.

ह्या शोधावर लगेच वाद माजला. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ सालीच जंतूंच्या वसाहती विरघळतात असे प्रसिद्ध केले होते. त्यामुळे प्रथम शोध कोणाचा, हा तंटा बरीच वर्षे चालला. आज दोघांसही स्वतंत्र शोधाचे श्रेय देतात. दुसरीकडे बेल्जियमचे ज्यूल बोर्दे यांनी, ज्यांस नोबेल पारितोषिक मिळालेले होते, असे प्रतिपादन केले की, हा विषाणू नसून जंतूच्याच शरीरातील एक पाचक द्रव्य आहे. पदवी नसलेल्या माणसाने एवढ्या मोठ्या पंडितापुढे उभे राहणे सोपे नव्हते. देरेल हटले नाहीत. मात्र वादात त्यांची जीभ तिखट असे आणि त्यामुळे त्यांनी मित्रांहून शत्रूच अधिक जोडले.

औषध म्हणून फाजाचा उपयोग त्यांनी प्रथम १९१९ साली फ्रान्समधील खेड्यांत कोंबड्यांच्या एका विषमज्वरासारख्या साथीवर केला. त्याच वर्षी पॅरिसच्या मुलांच्या इस्पितळात रक्ताच्या हगवणीने अत्यवस्थ झालेला १२ वर्षांचा एक मुलगा आणला गेला. त्यास औषध देण्यापूर्वी देरेल यांनी व इस्पितळातील काही डॉक्टरांनी ते स्वतः पिऊन पाहिले. कोणास काही अपाय झाला नाही, तेव्हा ते मुलास दिले आणि तो थोड्याच दिवसांत बरा झाला. दुसऱ्याच्या मुलाच्या ओठी लावायचे ते आधी आपल्या ओठी लावावे, हा नियम त्यांनी पाळला, हे विसरता कामा नये. १९२० साली ते इंडोचायनात गेले व तेथे म्हशींच्या घटसर्पावर त्यांनी काम केले. १९२१ साली रोगप्रतिकारात फाजाचे कार्य काय, ह्यावर त्यांचा ग्रंथ निघाला. मनुष्य रोगातून उठतो तो मुख्यतः फाजामुळेच, असे त्यांचे ठाम मत होते. हे मत शास्त्रास मान्य झाले नाही. परंतु त्याचा एक अंश पुढे कसा खरा ठरला, ते आम्ही शेवटी सांगू.

आता कीर्तीचे दिवस आले. हॉलंडमधील लायडेन विद्यापीठाने त्यांस सन्मानाची पदवी दिली आणि १९२५ साली लेव्हेनहूक पदक मिळाले. हे पदक दर दहा वर्षांनी एकदाच दिले जात असे आणि १८९५ साली ते खुद्द पाश्चर यांस मिळाले होते. त्याच साली ईजिप्तमध्ये संसर्गरोग प्रतिबंधाच्या कामावर असता त्यांनी एका जहाजावरील प्लेगच्या ४ रुग्णांच्या गाठींत फाज टोचला आणि ते चौघेही बरे झाले. १९२५ सालीच अमेरिकन लेखक सिंक्लेअर लुइस यांची अ‍ॅरोस्मिथ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक प्लेगने ग्रासलेल्या बेटावर फाज घेऊन जातो. औषधाचा गुण सिद्ध करावयाचा तर निम्म्या लोकांस ते न देता तुलना करावयास हवी. पण समोर माणसे मरत असता हात आखडता कसा घ्यावा, हा त्या कादंबरीतील पेच होय. देरेल यांच्यापुढे तोच पेच लवकरच आपल्या देशात उभा राहावयाचा होता.

हिंदुस्थानाचा व ह्या विषयाचा संबंध त्याहून जुना आहे. आग्रा येथे सरकारी रसायन परीक्षक असलेले अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली असे प्रसिद्ध केले की, गंगा व यमुना यांच्या गाळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळले असता तो गुण जातो. पुष्कळांनी ह्यास फाजाची पहिली चाहूल मानले आहे. काही इतिहासकारांस मात्र ते फाजाचेच कार्य असावे याविषयी शंका आहे. कसेही असो, पटकीने दर वर्षी हजारो घरे ओस पडणाऱ्या ह्या देशाकडे देरेल यांचे लक्ष वळणे स्वाभाविक होते.

१९२७ साली ते येथे आले आणि माझे म्हणून एक सुसज्ज इस्पितळ हवे असा आग्रह न धरता पंजाबात साथ असेल तेथे जाऊन काम करू लागले. मॅलोन व लाहिरी हे त्यांचे सहकारी होते. रुग्णांस फाज पाजण्यात आला आणि काही गावांत तो विहिरींत ओतण्यात आला. ज्यांस औषध मिळाले त्यांच्यात शेकडा १० हूनही कमी लोक दगावले, आणि ज्यांस मिळाले नाही त्यांच्यात शेकडा ६० हून अधिक, अशी नोंद त्यांनी केली. आकडे ऐकून कोणाचाही विश्वास बसावा असे आहेत. परंतु दोन्ही गटांतील रुग्ण वय, प्रकृती व रोगाचा जोर यांत सारखे होते काय, हे त्या तुलनेवरून सांगता येत नाही. आजच्या कसोटीस ती उतरणार नाही.

त्यांच्या पाठीमागे आसाम प्रांतात मॉरिसन नावाच्या डॉक्टरांनी तो प्रयोग अधिक पद्धतशीर केला. नौगाव जिल्ह्यात फाज मुबलक वाटावयाचा आणि हबीगंज भागात वाटावयाचा नाही, असे ठरले. १९३० नंतरची काही वर्षे नौगावात पटकीचे मृत्यू फारच कमी झाले. हबीगंजात साथ येतच राहिली. परंतु पटकी ही आपणहून चढते आणि उतरते. एका जिल्ह्यात ती औषधाने ओसरली की स्वभावाने, हे दोन जिल्ह्यांच्या तुलनेने निश्चित होईना. १९३६ साली ही चौकशी संपली ती निर्णयावाचूनच. हबीगंजच्या ज्या घरांत त्या वर्षांत प्रेते उठली, त्यांस ह्या शास्त्रीय अनिश्चिततेचे मोल द्यावे लागले असेल काय? औषध खरेच गुणकारी असल्यास होय, नसल्यास नाही. आणि तेच तर कळावयाचे होते. पालकांनी ह्या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करावा, इतका हा प्रश्न कठीण आहे. प्रारंभीचे प्रयोग काटेकोर असते, तर तो इतका लांबला नसता असे आम्हांस वाटते.

१९२८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाने देरेल यांस प्राध्यापक नेमले. पण एका जागी रमणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि १९३३ साली त्यांनी ती जागा सोडली. पॅरिसमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतून हगवण, सर्दी, पुवाळलेल्या जखमा इत्यादींवर फाजाची औषधे विक्रीस निघत. त्यांचे यश पाहून इतर व्यापारीही पुढे सरसावले. कित्येक बाटल्यांत जिवंत फाज औषधालाही सापडत नसे, कारण टिकाऊपणाकरिता घातलेल्या द्रव्यांनीच तो मरून गेलेला असे. शिवाय रोग कोणत्या जंतूचा हे न पाहता कोणताही फाज कोणासही देण्यात येई. १९३४ साली अमेरिकेत तज्ज्ञांनी साऱ्या प्रयोगांचा आढावा घेऊन ह्या उपचाराविषयी गंभीर शंका प्रकट केल्या. पुढे पेनिसिलीन आले आणि पाश्चात्त्य देशांत फाज मागे पडला.

एका देशात मात्र तो टिकला. काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जियात गिओर्गी एलियावा हे सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होते. त्यांनी पाश्चर संस्थेत काम केले होते व देरेल यांच्याशी त्यांची गाढ मैत्री जडली होती. तिबिलिसी शहरी त्यांनी १९२३ साली एक संस्था स्थापिली. त्यांच्या निमंत्रणावरून १९३३ ते १९३५ च्या दरम्यान देरेल तेथे जाऊन राहिले व काम केले. तेथे लिहिलेला एक ग्रंथ त्यांनी स्टालिन यांस अर्पण केला, आणि एलियावांनी त्याचे भाषांतर केले. दोनच वर्षांनी, १९३७ साली, त्याच स्टालिनच्या राजवटीने एलियावांस लोकशत्रू ठरवून ठार मारले. देरेल पुन्हा त्या देशी गेले नाहीत. एलियावांनी उभारलेली संस्था मात्र आजही त्यांच्याच नावाने चालू आहे आणि इतर उपायांनी हात टेकलेले रुग्ण दूरदूरच्या देशांतून तेथे जात असतात.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी देरेल यांस फ्रान्समधील व्हिशी येथे नजरकैदेत ठेविले. त्या काळात त्यांनी आपल्या आयुष्याच्या आठवणी लिहिल्या. युद्धानंतर ते पॅरिसला परतले, आणि २२ फेब्रुवारी १९४९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने तेथेच निवर्तले. नोबेल पारितोषिकाकरिता त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले होते. ते त्यांस मिळाले नाही. एक समाधान मात्र त्यांच्या हयातीत झाले. १९४० च्या सुमारास जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फाजांची छायाचित्रे निघाली, आणि ते कण आहेत, केवळ द्रव नव्हे, हे डोळ्यांनी दिसले.

त्यांच्या मागे ह्या शोधाची जी फळे आली ती त्यांनी कल्पिली नसतील. १९५२ साली हर्शी व चेस यांनी फाजावरच प्रयोग करून जनुके डीएनएची असतात असे दाखविले. जंतूही निमूटपणे मरत नाहीत, ही गोष्ट तर देरेल यांच्याच नजरेस आली होती. निवळलेल्या नळीत काही दिवसांनी फाजास न जुमानणारे जंतू पुन्हा वाढत. त्याचे मर्म पुढे उलगडले. काही जंतू फाज ज्या ठिकाणी चिकटतो तेच ठिकाण बदलून टाकतात. काहींजवळ परक्या डीएनएचे तुकडे करणाऱ्या रासायनिक कात्र्या असतात. काही जंतू फाज आत शिरताच स्वतः मरतात, जेणेकरून शेजारी वाचावेत. काही जंतू तर हल्लेखोराच्या डीएनएचा एक तुकडा आपल्या जनुकसूत्रात नोंदीसारखा जपून ठेवतात आणि पुन्हा तोच शत्रू येताच त्या नोंदीवरून त्यास ओळखून कापतात. ह्या शेवटच्या व्यवस्थेस क्रिस्पर म्हणतात. दही व चीज यांच्या विरजणातील जंतूंवर २००७ साली ती प्रयोगाने सिद्ध झाली. तिच्यापासून जनुके कापण्याचे साधन बनविल्याबद्दल २०२० साली शार्पांतिए व डाउडना ह्या दोघी विदुषींस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक शोध मात्र देरेल यांस दुःख देणारा झाला असता. १९९६ साली असे दिसून आले की, पटकीच्या जंतूस त्याचे विष देणारी जनुके मुळात एका फाजानेच आणून दिलेली आहेत. काही फाज जंतूस लगेच मारीत नाहीत. त्याच्या जनुकसूत्रात गुपचूप वस्ती करतात आणि कधी कधी बरोबर विषाची शिदोरीही आणतात. ज्यास देरेल सर्वस्वी मित्र मानीत, त्याच्या कुळात असेही निघाले.

आता समुद्राकडे वळू. आपल्या कोकणात मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोवळी आढळतात. पोवळे हा दगड नव्हे. चुन्याचे घर बांधणाऱ्या बारीक प्राण्यांची ती वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवले राहतात व सूर्यप्रकाशावर अन्न करून यजमानास देतात. समुद्रतळाच्या शेकडा १ हूनही कमी भागात प्रवाळ खडक आहेत, परंतु समुद्रातील सुमारे पाव जाती त्यांच्या आश्रयाने जगतात. पाणी तापले की शैवले निघून जातात, पोवळी पांढरी पडतात, आणि दुर्बळ झालेल्या वसाहतींवर रोगजंतू चाल करतात. पटकीच्या जंतूच्याच गणातील एक जंतू पोवळ्यांचे मांस विरघळवितो, आणि पाणी जसे उबदार तसा त्याचा जोर वाढतो. त्याच्याही जनुकसूत्रात विषाच्या जनुकांसह दडलेले फाज सापडले आहेत.

इस्पितळात देता येईल ते औषध समुद्रात देता येत नाही. प्रतिजैविक ओतले तर उपयुक्त जंतूही मरावयाचे. म्हणून तेल अवीव विद्यापीठातील युजीन रोझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी देरेल यांचा मार्ग धरला. तांबड्या समुद्रातील पोवळ्यांस होणाऱ्या एका पांढऱ्या रोगाचा जंतू त्यांनी आधी निश्चित केला, मग त्याचा फाज समुद्राच्या पाण्यातूनच मिळविला. अकाबाच्या आखातात प्रत्यक्ष परीक्षा झाली, तिचे फळ २०१२ साली प्रसिद्ध झाले. फाज दिलेल्या आजारी पोवळ्यांशेजारी ठेवलेल्या १९ निरोगी पोवळ्यांपैकी ७ आठवड्यांत केवळ १ आजारी पडले. फाज न दिलेल्यांशेजारी १८ पैकी ११. येथे तुलनेचा गट पहिल्यापासून होता, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. पंजाबात जे राहून गेले ते येथे केले गेले. पुढे २०१३ साली असेही दिसून आले की, पोवळ्यांपासून मनुष्यापर्यंत अनेक प्राण्यांच्या अंगावरील बुळबुळीत श्लेष्मात फाज चिकटून राहतात व येणाऱ्या जंतूंस अडवितात. रोगप्रतिकारात फाजाचा वाटा आहे, हे देरेल यांचे म्हणणे इतक्यापुरते खरे ठरले.

तथापि हा उपाय सर्वत्र चालेल असे नाही. १९३० च्या सुमारास जी अडचण होती ती आजही आहे: शत्रू कोण हे आधी कळले पाहिजे. २०१४ साली फ्लोरिडात मायामीजवळ पोवळ्यांचे मांस गळून पडण्याची साथ सुरू झाली आणि ती कॅरिबियन समुद्रभर पसरली. प्रतिजैविकाचा लेप दिला असता तिचे व्रण पुष्कळदा थांबतात, म्हणून जंतूंचा हात असावा. दुसरीकडे पोवळ्यांच्या आतील शैवलांसच विषाणू ग्रासत असावा, असाही पुरावा पुढे आला आहे. मूळ कारण निश्चित झालेले नाही. तोवर कोणता फाज द्यावा, हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि समुद्र तापत राहिला तर कोणताही फाज पुरा पडणार नाही.

माणसांच्या इस्पितळांतही देरेल यांचे नाव परत आले आहे. औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळे एकट्या २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट घडले, असा अंदाज आहे. २०१६ साली कॅलिफोर्नियात अशा जंतूने मरणपंथास लागलेल्या एका प्राध्यापकास फाज देऊन वाचविण्यात आले, आणि ठिकठिकाणी काटेकोर परीक्षा सुरू झाल्या. पालकांस आमची एक विनंती आहे. साध्या पडशासाठी मुलांस प्रतिजैविके देऊ नयेत, आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे सांगितल्याप्रमाणे घ्यावीत. जंतू शिकत असतात. आपण त्यांस फुकटची शिकवणी देऊ नये.

देरेल यांच्या चरित्राचा हिशेब मांडला असता एका बाजूस असे दिसते की, पदवी नाही, पैसा नाही, आश्रय नाही, तरी बशीतला एक स्वच्छ ठिपका त्यांनी वायफळ मानला नाही. दुसऱ्या बाजूस असे दिसते की, जे पाहिले त्याहून अधिक सिद्ध झाले असे त्यांनी सांगितले, आणि त्या घाईपायी खरे असलेलेही काही दशके संशयात पडले. आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांची नजर घ्यावी. ठिपका दिसला तर तो वहीत लिहावा, त्याची तुलना करावी, आणि मगच बोलावे. प्रयोगशाळेत जाण्याची संधी ज्यांस मिळेल, त्यांनी मालवणच्या समुद्रातही एखादा प्रश्न आपली वाट पाहत असेल, हे ध्यानी ठेवावे.